कोठारातल्या पायलीचं गाऱ्हाणं

काय हो, तुम्ही भरवसा कोणावर ठेवता? माणसावर, का मापावर?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. पोंभुर्ण्याच्या बाजारात लोक तेच म्हणायचे. "माणूस फिरते, माप फिरत नाई." हे ऐकून माझी छाती भरून यायची, कारण ते माप म्हणजे मी. उमाजीशेठची पितळी पायली. चार शेर तांदूळ पोटात घेते आणि चार शेरच बाहेर देते, अशी माझी ख्याती. त्या ख्यातीचं पुढे काय झालं तेच सांगायला बसले आहे. चिडून बोलले तर मनावर घेऊ नका. माझ्या जागी तुम्ही असतात तर एव्हाना तलावात उडी घेतली असतीत.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कासारानं मला ठोकून ठोकून गोल केलं. त्या ठोकण्याचा मला आजही राग नाही, कारण ठोकणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते कळत होतं. पुढं ज्यांनी मला ठोकलं, त्यांच्याबद्दल असं म्हणता येत नाही.

तरुण उमाजीनं मला विकत घेतलं आणि बैलगाडीत मांडीवर बसवून पोंभुर्ण्याला आणलं. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. पोत्यांवरची अक्षरं बोटानं गिरवत वाचायला शिकला. तांदूळ, मीठ, मोहफुलं, चारोळी असा त्याचा व्यापार. माणसाचं तोंड बघून तो त्याच्या घरात किती दाणे उरलेत ते ओळखायचा, आणि ओळखलं तरी बोलून दाखवायचा नाही.

व्यापाऱ्याचं कसब कशात असतं सांगू? घेताना पायलीवर शीग चढवायची, म्हणजे वर डोंगर होईपर्यंत भरायचं, आणि देताना हात फिरवून सपाट करायचं. बाजारात बहुतेक जण हेच करत. उमाजी मात्र घेतानाही शीग, देतानाही शीग. त्याची बायको कपाळाला हात लावायची. तो म्हणायचा, "शीग माही नाई, पायलीची हाये. तिची कशी खाऊ?"

एकदा जंगलातल्या गावचा दसरू मोहफुलांची टोपली घेऊन आला. घरून मोजून आला होता, पण आकडा सांगेना. उमाजीनं मोजलं. आकडा जुळला. दसरूनं टोपली झटकली, दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आता पानी पाजा शेठ." त्या दिवसापासून त्याच्या गावातली सगळी मोहफुलं आमच्याकडे. असे माझे दिवस होते. तीस वर्षं माझ्या पोटात कोणी हात घालून पाहिला नाही, कारण गरजच पडली नाही.

मग शेठाणी वारली. मुलानं दुकान चांद्याला नेलं. तिथं काटा आला, लोखंडी वजनं आली. मुलगा म्हणाला, "बापूजी, ती पायली आता कशाले?" उमाजी एक पावसाळा चांद्याला राहिला. सून चहा वेळेवर द्यायची, धोतर धुवायची, पण दिवसभरात त्याच्याशी बोलायचं काय हे तिला सुचत नसे आणि त्यालाही. पावसाळा सरताच त्यानं मला पिशवीत घातलं आणि पोंभुर्ण्याची वाट धरली.

तोवर मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मालगुजाराची पोरं नागपूरला गेली आणि तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे बांधावरचं, त्यांचं धान्याचं कोठार रिकामं पडलं. ज्यांचं घर रिकामं झालं किंवा ज्यांच्या घरात त्यांची अडचण होऊ लागली, अशी म्हातारी माणसं पंचांना विचारून तिथं राहायला आली. गाव त्याला बुढ्याईचं कोठार म्हणे. मळणी झाली की गावातून घरटी थोडं थोडं धान्य कांडून त्यांना दिलं जाई. ते बांबूच्या मोठ्या ढोलीत भरायचं, शेणानं तोंड लिंपायचं आणि वर्षभर पुरवायचं. रोज एक पायली तांदूळ. रात्रीचा भात, आणि उरलेल्यात पाणी घालून सकाळची न्याहारी.

उमाजी तिथं गेला आणि त्याच्याबरोबर मी.

मला वाटलं, सुटले. दिवसातून एकदा तांदूळ मोजायचे, की कोनाड्यात बसून अंगावर थोडी धूळ घ्यायची आणि डोळे मिटायचे. म्हातारपणी माणसं शांत होतात असं मी दुकानात ऐकलं होतं. ज्यानं सांगितलं तो तरुण असावा.

अहो, नऊ म्हातारी माणसं, आणि नऊ गावं एकत्र नांदावीत असा गलबला! पहाटे तलावावर आंघोळीला जात, तीही गप्पा मारत. एवढ्या गप्पा, की मासेसुद्धा दुसऱ्या काठाला जाऊन राहिले असावेत. दुपारी सोंगट्या. चिंचोके घोळायला भांडं कोणतं? मी. भागीरथाबाईला फळीवरची तंबाखू काढायची आहे, पाय कशावर ठेवायचा? माझ्यावर. छप्पर गळतं, खाली काय ठेवायचं? मी आहेच. आज गोष्ट कोण सांगणार यासाठी नावांचे खडे टाकायचे कशात? माझ्यात! आणि ज्याचा खडा निघे तो तीच गोष्ट सांगे जी त्यानं परवा सांगितली होती, आणि बाकीचे आठ जण ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे तोंड उघडे टाकून बसत.

गावात लग्न असलं की ही मंडळी आमंत्रणाची वाट बघत नसत. बारसं असलं की भागीरथाबाई पुढे. ती सुईण होती, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे अर्ध्या गावाच्या घरात आपला हक्क आहे असं तिला वाटे. बाजाराच्या दिवशी नऊच्या नऊ जण बाजारात. काय घ्यायचं? काही नाही. बघायला जायचं. संध्याकाळी परत येऊन काय बघितलं यावर भांडायचं.

उमाजी आधी माझ्यासारखाच वैतागला होता. पंधरा दिवस त्यानं वेगळी चूल मांडली. कोपऱ्यात एकटा भात शिजवी आणि एकटा खाई. पण स्वयंपाक करणारी कुंताबाई काही साधी बाई नव्हती. धीवराची कुंता. जन्मभर तलावात जाळं टाकलं, बाजारात टोपली मांडली. नवरा गेला, लेक अंधारी नदीच्या पलीकडच्या गावात दिलेली. आवाज असा की पाळीवरून हाक मारली तर गावातली कुत्री उठून उभी राहत. तिनं सोळाव्या दिवशी उमाजीच्या चुलीवर लोटाभर पाणी ओतलं.

"काऊन व, हे काय केलं?"

"चूल विझवली. दिसत नाई का?"

"मले माह्या हातचं जेवाची सवय हाये."

"सवय नाई, ऐट हाये. उठा शेठ, पंगतीत बसा. इथी कोणी कोणाचं उष्टं खात नाई, पण एकट्यानं कोणी जेवत नाई."

उमाजी उठला. आणि मी सांगते, बायको गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदाच तो पुन्हा भात मागून जेवला.

कुंताबाईचं मला पटायचं. ती मला मान द्यायची. तांदूळ काढायच्या आधी पदरानं पुसायची, आणि पायली भरली की "लाभ" म्हणायची. मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. रोज एकच पायली काढायची, त्यामुळे तिचं मोजणं लाभाशीच सुरू होई आणि लाभाशीच संपे. भात टाकून झाला की ती गाणं म्हणे आणि कोठारातली बडबड तेवढ्यापुरती थांबे. त्या गाण्यासाठी तरी मी तिचे उपकार मानते.

आता दिवाळीनंतरची ती आपत्ती.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. जत्राच म्हणा. पाहुणे येतात, बाजार लागतो आणि दंडार होते, म्हणजे नाच, गाणं आणि सोंगं. गावातली पोरं तालीम करत होती. आमची मंडळी बघायला गेली, तर एक पोरगा म्हणाला, "बुढ्याईनं शेकोटीजवळ बसावं जी, थंडी लागन."

झालं. दुसऱ्या दिवशी कोठारात ठराव पास. आपणही दंडार करायची.

नाच कोण करणार? गुडघे दुखणारा दसरू, तोच मोहफुलांचा, आता आमच्यातच राहणारा. राजा कोण? इस्तारी, हा जन्मभर दुसऱ्यांच्या बैलगाड्या हाकलेला माणूस. राजाला मुकुट हवा. मुकुट म्हणून कोण? सांगायची गरज आहे का? मी त्याच्या डोक्यावरून घसरून डोळ्यांवर आले आणि हा राजा प्रधानाशी बोलायचं सोडून खांबाशी बोलला. सगळे एवढे हसले की भागीरथाबाईची उरलेली एकुलती एक दाढ हलायला लागली.

इथवर मी सोसलं. पण ढोलकीचं कातडं उंदरानं कुरतडलं. मंडई तोंडावर आलेली. सगळे खाली माना घालून बसलेले. आणि तालमीत नुसता नाक मुरडत बसणारा उमाजी उठला, मला उलटी केली, गुडघ्यांत धरली, सागाच्या दोन दांड्या घेतल्या आणि माझ्या बुडावर ताल धरला.

मी त्याला तीस वर्षं ओळखत होते. हा माणूस मला जमिनीवर ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नसे. आणि आता? दसरू नाचतो आहे, कुंता गाते आहे, आणि हा डोळे मिटून बडवतो आहे. "हाव! अजून जोरात शेठ!" असं इस्तारी ओरडतो आणि हा खरंच अजून जोरात!

मंडईत लोक आधी हसले. मग म्हणाले, अजून एक होऊ द्या. झालं, तिथंच माझं नशीब फिरलं. मंडई झाली तरी रोज संध्याकाळी दंडार चालूच. आज या पाहुण्यासाठी, उद्या त्या पाहुण्यासाठी, परवा कोणी नाही म्हणून स्वतःसाठी. आणि माझं बूड हळूहळू आत गेलं. बाहेरून वाटीसारखा पोचा, आतून टेंगूळ. ते टेंगूळ तांदळाखाली झाकलं जाई. आणि मी तर बुडावर बसते, खालून कोण बघणार?

माझ्यात आता दोन-तीन मुठी तांदूळ कमी मावू लागले. मला ते कळत होतं. त्यांना नाही.

आधी सकाळचा भात संपला. मग रात्री शेवटी बसणाऱ्याला कमी पडू लागला. शेवटी बसायची कुंताच, त्यामुळे काही दिवस कोणाला पत्ता लागला नाही. मग इस्तारीनं दुसऱ्यांदा मागितला आणि मिळाला नाही. त्या रात्री पंगतीत भागीरथाबाईनं तोंड उघडलं.

"काऊन व कुंता, सकाळचा भात कुठी जाते?"

"तुह्या पोटात जाते, अजून कुठी?"

"माह्या पोटात गेला असता तं मले समजलं असतं. रोज पायली निघते. तेवढीच माणसं. मंग पुरत काऊन नाई?"

"मले काय मालूम? मी पायली भरते, भांड्यात टाकते."

"पूर्ण टाकते का?" भागीरथाबाई भात चिवडत म्हणाली. "पलीकडं तुही पोरगी हाये. चार लेकरं हायेत तिले. माणूस हाये, माया सुटते. मी वाईट नाई म्हणत."

वाईट नाही म्हणत म्हणे! सगळ्यात वाईट जे म्हणायचं ते म्हणून झाल्यावर.

कुंताचा हात भातवाढणीवरच थांबला. तिनं भागीरथाबाईकडे पाहिलंच नाही, उमाजीकडे पाहिलं. "शेठ, तुमी व्यापारी माणूस. तुमी सांगा."

आणि माझा हा शहाणा मालक काय बोलला? "मी कोणाले काही म्हणत नाई. पण पायली माही हाये. तीस वर्सं इनं दाणा इकडचा तिकडे केला नाई. पायली चुकत नाई."

अरे बाबा! मी कोनाड्यातून जीव तोडून ओरडत होते. हात घाल! एकदा आत हात घाल! तूच बडवलंस ना मला? पण मापाला तोंड असतं ते फक्त भरण्यापुरतं.

"पायली चुकत नाई," कुंता सावकाश म्हणाली. "मंग मी चुकते. असंच ना?"

उमाजीसकट सगळे ताटाकडे बघत राहिले. नऊ माणसांच्या त्या कोठारात मी पहिल्यांदाच शांतता ऐकली, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

सकाळी कुंतानं गाठोडं बांधलं आणि लेकीच्या गावची वाट धरली. पुढच्या बाजारापर्यंत गोष्ट सगळीकडे पोचली. धीवराची कुंता म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास पोरीकडे नेते. आणि उमाजीशेठनं पकडलं, असंही लोकांनी जोडलं. ज्या बाजारात तिनं जन्मभर टोपली मांडली तिथं.

मग चूल आली भागीरथाबाईकडे. तिनं सर्वांदेखत पायली भरली, सर्वांदेखत भांड्यात ओतली. भात पुरला? कसा पुरेल? सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"माह्याकडं काऊन पायता?" ती किंचाळली. "मले तं पोरगीच नाई!"

मला हसू आलं आणि रागही. एवढं डोळ्यांसमोर दिसतंय तरी कोणाला काही सुचेना. "हवा सुटली हाये," इस्तारी म्हणाला. "थंडीत भूक वाढते," दसरू म्हणाला. संध्याकाळी कोणी गाईना, कोणी नाचेना. उमाजी दांड्या हातात घेई आणि परत ठेवी. मला पाहिजे होती तशी विश्रांती अखेर मिळाली, आणि तिचीही या लोकांनी अशी माती केली की कोनाड्यात बसवेना.

संक्रांत आली. नवं धान्य यायच्या आधी ढोली मोकळी करून आतून लिंपायची असते. उमाजीचा अंदाज कधी चुकत नसे. रोजची पायली धरून संक्रांतीला ढोली रिकामी व्हायला हवी होती. दसरू वाकून आत हात घालून तळ झाडायला गेला आणि तसाच थांबला.

"शेठ, इथी तांदूळ हायेत."

"चिमूटभर असतील."

"चिमूटभर? या, पाहा."

काढता काढता सूप भरलं, परात भरली, भागीरथाबाईचा पदर भरला. सगळे आनंदले. पण उमाजी बोटांवर हिशेब मांडू लागला. त्याच्यातला व्यापारी जागा झाला होता.

"चोरी झाली असती तं ढोली रिकामी पायजे होती," तो स्वतःशीच म्हणाला. "रोज पायली काढली. भांड्यात पुरली नाई, आणि ढोलीत उरली. म्हणजे रोज पायली निघालीच नाई. कमी निघाली."

"पण पायली तं भरूनच काढली," भागीरथाबाई म्हणाली. "मीनंही काढली."

उमाजीनं मला जवळ ओढलं. आत हात घातला. त्याची बोटं माझ्या तळाला लागली आणि टेंगळावर थांबली. मग त्यानं मला उलटी केली. सागाच्या दांड्यांचे सगळे ठोके तिथं उमटलेले होते.

"हे तं आपल्या दंडारीचे ठोके हायेत," इस्तारी म्हणाला. मग आपण काय म्हणालो ते त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी जोडली. एकटा उमाजी जाणार होता. पण आमच्या कोठारात कोणी एकटं कुठं जातं? आठच्या आठ जण गाडीत. माफी मागायला चाललेत की वरातीला, कळेना! वाटेत जंगलात दसरूनं एक गाणं सुरू केलं, दोघांनी साथ दिली, आणि मग ते गाणं कोणाचं हे आठवून तिघेही मध्येच थांबले.

कुंता लेकीच्या अंगणात कोपऱ्याला बसून मासे वाळत घालत होती. आम्हाला बघून उठली नाही. लेकीनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "आई इथी कोणाशी बोलतच नाई. गाणं तं सोडाच."

उमाजीनं मला अंगणात उलटी ठेवली आणि सगळं सांगितलं. भागीरथाबाई मध्येच रडायला लागली, "मी बोलली व कुंता, माही जीभ झडो."

"तुह्या बोलण्यानं काय होते?" कुंता म्हणाली. "तू तं तलावातल्या बेडकावरही आळ घेशील. पण शेठ बोलले म्हणून बाजारानं ऐकलं." ती उमाजीकडे वळली. "शेठ, मले तुमचं पटलं. दोष पायलीचा. मी रागावली नाई."

"मंग चाल."

"कुठी चाल? ज्या बाजारात मी मासळी विकली तिथी लोक मले चोर म्हणून राह्यले. इथी अंगणात तुमी सांगितलं, ते या वाळत्या माशाईनं ऐकलं. बाजारात सांगा. पायली अशीच उलटी धरून सांगा. मी येईन तिथी. ऐकीन. मंग ठरवीन."

परतताना गाडीत इस्तारीनं धीर केला. "शेठ, एक सांगू? बाजारात हे बूड दाखवलं तं लोक म्हणतील, पायली पयल्यापासूनच अशी होती. तीस वर्साचं नाव जाईन जी."

"समजते मले," उमाजी म्हणाला.

त्याला समजत होतं आणि मलाही. त्यानं आयुष्यात दुसरं काही कमावलं नव्हतं. दुकान मुलाचं, घर विकलेलं. उरलं होतं ते एवढंच, की उमाजीची पायली म्हणजे पायली. रस्ताभर तो माझ्या काठावरून अंगठा फिरवत होता, आणि मी मनात म्हणत होते, नको जाऊ. दुसरी काही युक्ती काढ. तुझ्यासारख्या व्यापाऱ्याला एक युक्ती सुचू नये?

बाजाराच्या दिवशी तो आपल्या जुन्या जागेवर, चिंचेखाली उभा राहिला. माणसं जमली. कुंता मासळीच्या ओळीत मागे उभी होती. त्यानं मला उलटी केली, डोक्याच्या वर धरली आणि त्याच्या नेहमीच्या, दुकानातल्या आवाजात सांगितलं, की कोठारात भात कमी पडला तो या बुडामुळे. बूड आपणच बडवलं. आणि कुंताबाईवर आळ आला तो आपल्या बोलण्यानं.

मिठाच्या ढिगामागून एक जण हसला. "अस्सं होय! म्हणूनच तुमच्या दुकानचं मीठ घरी नेलं की कमी भरे, नाई का शेठ?"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "तीस वर्सं दंडारच चालली म्हणा की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उमाजीकडे उत्तर होतं. ज्या पायलीनं मीठ दिलं त्याच पायलीनं मोहफुलं घेतली; ती लहान असती तर घेताना त्यालाच तोटा झाला असता. त्याला एवढंच म्हणायचं होतं आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली असती. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण त्यानं कुंताकडे पाहिलं आणि ते उत्तर गिळलं. आपली बाजू मांडायला लागला असता तर सगळा बाजार त्याच्याच गोष्टीत रमला असता, आणि तिची गोष्ट पायाखाली गेली असती.

"मले काय म्हणायचं ते म्हणा," तो म्हणाला. "चोर म्हणा, लबाड म्हणा. पण कुंताबाईले कोणी काही म्हणायचं नाई. ते खोटं होतं."

लोक पांगले. काही हसत, काही मान हलवत. कुंता पुढे आली, त्याच्या हातातून मला घेतलं आणि पदरानं पुसलं.

"आज भात कोण टाकून राह्यलं?" तिनं विचारलं.

"भागीरथा."

"मंग मी इथूनच मुरमुरे खाऊन येते," ती म्हणाली आणि मुरमुऱ्यांकडे न बघताच कोठाराच्या वाटेला लागली.

आता माझी दशा ऐका. कासाराकडून बूड सरळ करून आणू, असं उमाजी म्हणाला होता. पण सरळ झाले तरी मला आता कोणी माप मानणार नाही. लोखंडाची नवी पायली आली आहे. तिचं बूड रोज दोघं जण तपासतात. आणि मी? मी पक्की ढोलकी झाले. रोज संध्याकाळी कुंता गाते, दसरू गुडघे धरत नाचतो आणि उमाजी मला बडवतो. बाजारात काही लोक अजूनही त्याला बघून मिठाबद्दल बोलतात. तो हसतो आणि त्यांनाही दंडार बघायला बोलावतो. ते येतात! म्हणजे माणसं अजून वाढली, गलबला अजून वाढला. मला कोनाडा मिळेल ही आशा मी सोडली आहे.

तुम्ही मात्र मला एवढं वचन द्या. तुमच्या घरात कधी काही कमी पडलं, तर भात वाढणाऱ्याच्या पदराकडे बघू नका. आधी माप उलटं करा. हिशेब प्रामाणिकपणे ठेवा, आणि तो मांडताना आपल्या हातचे ठोकेही त्यात धरा.